एका देशाचा एक मुलगा

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने भाजून निघालेले कॉव्हेंट्री शहर अद्याप पुरते सावरलेही नव्हते, अशा १९५१ साली त्या शहरात आणि शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये निरनिराळ्या देशांतून आलेले, मिसरूडही धड न फुटलेले काही मुलगे बुद्धिबळाचे पट मांडून समोरासमोर बसले, आणि ज्या स्पर्धेला आज आपण जागतिक कुमार अजिंक्यपद स्पर्धा म्हणतो तिचा प्रारंभ झाला. कल्पना बर्मिंगहॅमच्या विल्यम रिट्सन-मॉरी या गृहस्थांची. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘फिडे’ या नावाने ओळखतात तो, १९२४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला होता. प्रौढांची सांघिक ऑलिंपियाडे भरत होती. आदल्याच वर्षी ग्रँडमास्टर आणि आंतरराष्ट्रीय मास्टर या किताबांची रीतसर सनद देण्याचा शिरस्ताही पडला होता. परंतु विशीच्या आतल्या मुलांची परमुलखातील समवयस्कांशी गाठ घालून देणारी अशी कायमची व्यवस्था कोठेच नव्हती. ती रिट्सन-मॉरी यांनी घालून दिली, आणि तिच्याबरोबरच एक साधी दिसणारी अट जन्माला आली: प्रत्येक देशाने आपला एक खेळाडू पाठवावा.

त्या पहिल्या स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा बोरिस्लाव इव्हकोव्ह विजयी झाला. डेन्मार्कचा बेंट लार्सन आणि आइसलँडचा फ्रिद्रिक ओलाफसन हे दोघे, ज्यांची नावे पुढे साऱ्या बुद्धिबळविश्वात दुमदुमली, तेथेच कुमारवयात एकमेकांसमोर आले. यजमानांच्या दृष्टीने पाहता एकाच खेळाडूची अट सर्वस्वी शहाणपणाची होती. आलेल्या प्रत्येक मुलाची राहण्याजेवणाची तजवीज करावयाची, फेऱ्यांची संख्या आटोक्यात ठेवावयाची आणि मोठ्या राष्ट्रांच्या झुंडीपुढे लहान राष्ट्राचा एकटा मुलगा झाकोळू द्यावयाचा नाही, हे तिन्ही हेतू तिने साधले. परंतु ज्या क्षणी जागा एक ठरली, त्या क्षणी प्रत्येक देशात त्या जागेसाठी एक अदृश्य स्पर्धा सुरू झाली, आणि ती मूळ स्पर्धेहून अनेकदा अधिक कठीण, अधिक दीर्घ आणि हरणाऱ्याच्या आयुष्यावर अधिक खोल ओरखडा उठवणारी ठरली. विजेत्यांची नावे कोरलेली सापडतात; त्यांना पाठवले कोणी, कशाच्या आधारावर, आणि त्यांच्यामागे राहिले कोण, हे जुन्या दफ्तरांच्या तळाशी दडलेले असते. मला या स्पर्धेच्या इतिहासात सर्वांत अधिक ओढ वाटत आली आहे ती त्या दडलेल्या भागाची.

खेळाडू निवडून परदेशी धाडण्याची प्रथा आपल्याकडे अगदीच अपरिचित होती असे नाही. मात्र ती समित्यांची नव्हती, आश्रयदात्यांच्या मर्जीची होती. पंजाबातील सर उमर हयात खान या जमीनदार सरदाराच्या पदरी असलेल्या सुलतान खानाने १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, आणि पुढील वर्षी धन्याबरोबर तो लंडनला गेला. देशी पद्धतीच्या खेळात वाढलेल्या, युरोपीय ग्रंथांचा आधार नसलेल्या त्या माणसाने १९२९, १९३२ आणि १९३३ अशा तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले, ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघाचा पहिला पट सांभाळला, आणि १९३३ साली धनी मायदेशी परतला तेव्हा तोही परतला व स्पर्धात्मक खेळातून कायमचा नाहीसा झाला. निवड मर्जीवर झाली होती, तिची मुदतही मर्जीवरच संपली. आश्रयदात्याची पारख चुकली नव्हती. किंबहुना एखाद्या मंडळाला ती इतकी अचूक साधली असती की नाही याची शंकाच आहे. पण जो हक्काने निवडला जात नाही त्याला हक्काने पुन्हा मागताही येत नाही, आणि सुलतान खानाचे ते मुकाट परतणे आठवले की निवडीचे नियम कितीही रूक्ष, कितीही किचकट असले तरी ते लेखी असलेले बरे, असे मला मनापासून वाटते.

कुमार स्पर्धेचे नियम लेखी होते आणि कठोरही होते. आरंभी ती दोन वर्षांतून एकदाच भरे. वयाची मर्यादा विशीची. ज्याचा जन्म प्रतिकूल वर्षी झाला त्याला उमेदीच्या वयात एखादीच संधी मिळे, आणि त्या वर्षी स्वदेशात त्याच्याहून मोठा, अधिक मुरलेला एखादा प्रतिस्पर्धी असला की तीही हातची जाई. पुढे विजेत्याला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब आपोआप मिळू लागला, तेव्हा या एका जागेचे मोल कैक पटींनी वाढले. ज्या देशात नामांकित परदेशी खेळाडू येत नसत आणि म्हणून किताबासाठी आवश्यक ती कामगिरी करून दाखवण्याची सोयच नव्हती, तेथील मुलाला जगाच्या दरबारात शिरण्याचा हा जवळजवळ एकमेव दरवाजा होता.

नियमाचा फायदा झाला तो लहान राष्ट्रांना. १९६७ साली जेरुसलेममध्ये हुलिओ काप्लान विजयी झाला तो प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटाच्या वतीने. १९७१ साली अथेन्समध्ये वर्नर हुग जिंकला तो स्वित्झर्लंडसाठी. अशा देशांत गुणी मुलगा एखादाच असे, तो कोण हे गावाला ठाऊक असे, आणि निवडीचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच सुटलेला असे. उलट जेथे बुद्धिबळ घरोघर पोचले होते तेथे प्रश्न बिकट होता.

अमेरिकेचे १९५७ चे उदाहरण या दृष्टीने मनन करण्यासारखे आहे. त्या वर्षी टोरांटोला भरलेल्या स्पर्धेत न्यूयॉर्कच्या विल्यम लोम्बार्डीने ११ पैकी ११ डाव जिंकले. अर्धा गुणसुद्धा कोणाला दिला नाही. ज्याने निवड सार्थ ठरवली असे म्हणावयाचे, त्याने ती याहून अधिक सार्थ करणे शक्यच नाही. परंतु त्याच न्यूयॉर्क शहरातला एक चौदा वर्षांचा मुलगा त्याच ऑगस्ट महिन्यात क्लीव्हलंड येथे अमेरिकेची खुली स्पर्धा प्रौढांच्या मेळाव्यात जिंकत होता, आणि पुढील जानेवारीत तो देशाचा अजिंक्यवीर झाला. हा बॉबी फिशर. १९५६ आणि १९५७ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय कुमार विजेता असलेला हा मुलगा जागतिक कुमार स्पर्धेत कधीच खेळला नाही. लाटव्हियाचा मिखाईल ताल, जो तेविसाव्या वर्षी जगज्जेता झाला, तोही कधी खेळला नाही. यात कोणाला दोष द्यावा? लोम्बार्डीऐवजी दुसरा कोणी पाठवायला हवा होता असे त्याच्या ११ गुणांकडे पाहून कोण म्हणेल? मात्र काळाने या प्रसंगाची एक विलक्षण पूर्तता केली. १९७२ साली रेक्याविकला फिशरने ज्याच्याकडून जगज्जेतेपद हिरावून घेतले तो बोरिस स्पास्की १९५५ चा कुमार विजेता होता, आणि फिशरच्या बाजूला साहाय्यक म्हणून जो उभा होता तो होता १९५७ चा कुमार विजेता, लोम्बार्डी. कुमारांच्या पटावर न बसलेला तेवढा एक त्या दोघांच्या मध्ये विराजमान झाला.

निवडीचे शास्त्र कोणी खरोखर पराकाष्ठेला नेले असेल तर ते सोव्हिएत संघाने. तेथे शहराशहरांतून पायोनियर प्रासाद होते, म्हणजे शाळेनंतर मुलांनी जाऊन निरनिराळ्या विद्या शिकण्याची सरकारी केंद्रे, आणि प्रत्येकात बुद्धिबळाची शाखा असे. लेनिनग्राडच्या अशा प्रासादात व्लादिमीर झाक या शिक्षकाच्या हाताखाली स्पास्की वाढला. महायुद्धातील वेढ्याच्या काळात शहराबाहेर हलवलेल्या मुलांपैकी तो एक, घरची ओढगस्त मोठी, आणि लहानग्या वयातच त्याला राज्याकडून मिळालेले विद्यावेतन घरखर्चाला लागे. १९५३ साली सोळाव्या वर्षी त्याला बुखारेस्टच्या प्रौढ स्पर्धेला धाडण्यात आले, तेथे त्याने स्मिस्लोव्हसारख्या रथी-महारथ्याचा पराभव केला आणि आंतरराष्ट्रीय मास्टर होऊनच तो परतला. १९५५ साली अँटवर्पच्या कुमार स्पर्धेसाठी कोणाला पाठवावे यावर मसलत करण्याची गरजच उरली नव्हती. त्याच वर्षी सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत तो तिसऱ्या क्रमांकाचा वाटेकरी झाला होता. तो गेला आणि जिंकून आला.

नंतर मात्र चौदा वर्षे हे विजेतेपद मॉस्कोच्या हाती लागले नाही. जगज्जेतेपद सोव्हिएतांकडे, ऑलिंपियाडची सुवर्णपदके सोव्हिएतांकडे, आणि विशीच्या आतल्यांच्या स्पर्धेत मात्र लोम्बार्डी, बिएलिकी, पार्मा, घेऑर्घिउ, कुरायित्सा, काप्लान! हजारो मुलांतून चाळून काढलेला एक मुलगा एखाद्या बेटावरच्या एकुलत्या एका मुलाकडून मागे टाकला जातो, ही गोष्ट वरकरणी अनाकलनीय वाटेल. पण हजारांतून एक निवडला म्हणजे तो त्या विशिष्ट पंधरवड्यात हजारपट बलवान होतो असे थोडेच आहे? एका बाजूला तुल्यबळ अशी दहा मुले असली आणि त्यांतील एकालाच जाता आले, तर त्या दहांचे एकत्रित सामर्थ्य घरीच राहते. पटावर बसतो तो एकटाच, आणि त्याच्या पाठीवर मागे राहिलेल्या नवांचे ओझे मात्र असते. त्यात परदेशगमनाची मंजुरी ही बुद्धिबळापुरती बाब नव्हती. क्रीडाखात्याची शिफारस, वर्तनाचा दाखला, वरिष्ठांची संमती, अशा अनेक उंबरठ्यांवरून कागद फिरत फिरत जाई, आणि विशीच्या मुलाला आपला खेळ तयार आहे की नाही याबरोबरच आपला कागद कोठवर आला आहे याचाही घोर लागे.

या कागदांच्या राज्यात घडलेली एक घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. १९६६ च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकियातील त्रिनेत्स येथील स्पर्धेचे निमंत्रण सोव्हिएत संघाकडे आले. ती कुमारांची स्पर्धा आहे असा कचेरीचा समज झाला आणि त्या समजापोटी दोन मुलांची रवानगी झाली. तेथे पोचल्यावर कळले की प्रतिस्पर्धी सारे प्रौढ आहेत. परत फिरणे शक्य नव्हते. मुले खेळली, आणि त्यांतला जो पंधरा वर्षांचा, अंगाने किरकोळ, उरल पर्वताच्या पायथ्याच्या झ्लातौस्त गावचा मुलगा होता, तो पहिला आला. त्याचे नाव अनातोली कार्पोव्ह. वर्षभराने युरोपीय कुमार स्पर्धेसाठी त्याला नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनला पाठवण्यात आले, आणि तीही त्याने जिंकली.

तरीही १९६९ च्या स्टॉकहोम स्पर्धेसाठी त्याचे नाव परस्पर नामजद झाले नाही, ही गोष्ट मी त्या व्यवस्थेच्या बाजूने मुद्दाम नोंदवतो. त्या वेळी तीन मुले जवळजवळ सारख्या योग्यतेची होती: कार्पोव्ह, आर्मेनियाचा राफाएल व्हागान्यान आणि खारकोव्हचा मिखाईल स्टाइनबर्ग. चौदा वर्षांच्या अपयशाने पोळलेल्या अधिकाऱ्यांनी या खेपेस शिफारशींचा मार्ग सोडला आणि तिघांनाच लेनिनग्राडमध्ये एकमेकांविरुद्ध बसवले. जो जिंकेल तो जाईल. कार्पोव्ह जिंकला, सेम्यॉन फुर्मान या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली त्याने तयारी केली, आणि स्टॉकहोमच्या अंतिम गटात ११ पैकी १० गुण मिळवून स्पास्कीनंतरचा पहिला सोव्हिएत कुमार विजेता ठरला. ही तिघांची लढत म्हणजे निवडीच्या इतिहासातील एक निर्मळ प्रसंग होय असे मी समजतो. हरलेल्या दोघांना कोणाच्या दाराशी जाऊन दाद मागावयाची नव्हती. त्यांचा पराभव त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच हातांनी झाला होता. व्हागान्यान पुढे मोठा ग्रँडमास्टर झाला. स्टाइनबर्गला मात्र आयुष्यानेच मुदत दिली नाही. १९७६ साली, पंचविशीही न गाठता, तो वारला. जागतिक कुमार स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव नाही, पण लेनिनग्राडमधील त्या तिघांच्या पटाजवळ ते आहे, आणि म्हणून मी ते येथे लिहितो.

पुढच्या पिढीत इतिहासाने त्रिनेत्सचीच रेघ पुन्हा ओढली. बाकूचा गॅरी कास्पारोव्ह १९७६ च्या जानेवारीत, वयाची तेरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, त्बिलिसी येथे अठरा वर्षांखालील मुलांचे सोव्हिएत अजिंक्यपद ९ पैकी ७ गुणांनी जिंकला. पुढील वर्षी त्याने ते राखले. या कामगिरीच्या जोरावर त्याला दोनदा फ्रान्समध्ये किशोरांच्या जागतिक स्पर्धेला पाठवण्यात आले आणि दोन्ही वेळा त्याला विजेतेपद मिळाले नाही. म्हणजे रीतसर निवड झाली, आणि ती फळाला आली नाही. मग १९७९ साली युगोस्लाव्हियातील बान्या लुका येथील स्पर्धा कुमारांची आहे अशा समजुतीने महासंघाने या मुलाला तेथे धाडले. ती होती ग्रँडमास्टरांची. माजी जगज्जेता पेत्रोस्यान तिच्यात खेळत होता, आणि या मुलाला अद्याप आंतरराष्ट्रीय मानांकनसुद्धा नव्हते. दोन पूर्ण गुणांच्या आघाडीने कास्पारोव्ह पहिला आला. १९८० साली डॉर्टमुंडला तो जागतिक कुमार विजेता झाला तेव्हा वस्तुतः त्या स्पर्धेची इयत्ता तो ओलांडून गेलेला होता. दुसरा आला तो इंग्लंडचा नायजेल शॉर्ट, ज्याच्याशी तेरा वर्षांनी त्याने जगज्जेतेपदाचा सामना खेळला. दोन भावी जगज्जेते, दोघांचीही खरी उंची प्रथम दिसली ती कचेरीच्या नजरचुकीतून. एरवी इतक्या बारकाईने चालणाऱ्या त्या यंत्रणेत मुलाला त्याच्या वयाच्या कुंपणाबाहेर सोडण्याचे धाडस कोणी जाणूनबुजून केले नसते.

आता स्वदेशाकडे वळतो. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला तो १९५१ सालीच, म्हणजे बर्मिंगहॅमच्या त्या पहिल्या कुमार स्पर्धेच्या वर्षी. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे झाली आणि तिचे अजिंक्यपद रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या यांनी विभागून घेतले. मुलांच्या निवडीचा विचार त्याहून पुष्कळ पुढचा; कारण त्याआधी एक प्राथमिक अडचण दूर व्हावयाची होती. आपल्या वाड्यांतून आणि पारांवर जो खेळ चालत असे तो देशी पद्धतीचा. त्यात प्याद्याला पहिल्याच चालीत दोन घरे पुढे जाण्याची मुभा नव्हती. शह बसला नसेल तर राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येई. शेवटच्या पट्टीवर पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोचले त्याचेच रूप घेई. हा खेळ सुंदर होता, सावकाश रंगणारा होता, पण त्यात तरबेज झालेल्या मुलाला आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळणाऱ्यासमोर बसवणे म्हणजे नदीत पोहायला शिकलेल्याला समुद्रात सोडणे होते. गावोगावी नवे नियम रुजेपर्यंत निवड करावयाची तरी कोणातून?

ते रुजवण्याचे काम महाराष्ट्रात ज्यांनी केले त्यांत सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांचे नाव आधी घेतले पाहिजे. १९४१ साली स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळातून त्यांनी मुलांना शिकवले, वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, आणि कृष्णाकाठच्या त्या गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणण्याचा प्रघात पडला तो काही उगाच नव्हे. त्यांच्या तालमीत वाढलेल्या भाग्यश्री साठे, विवाहानंतरच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या झाल्या आणि १९९१ साली आशियाई विजेत्या. राष्ट्रीय संघटना दूरच्या शहरातून यादी काढते, परंतु त्या यादीत घालण्याजोगे नाव आधी कोणीतरी एखाद्या लहान गावात, दिव्याच्या उजेडात, फुकट शिकवून तयार केलेले असते. आपल्याकडे पायोनियर प्रासाद नव्हते, त्यांचे काम अशा एकेकट्या माणसांनी केले.

निवडीचा प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्याचा प्रसंगही महाराष्ट्राच्याच वाट्याला आला. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्या बुद्धिबळात निष्णात; १९७४ साली बंगळूरला झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली. धाकटी रोहिणी १९७६ साली, तेरा वर्षांची असताना, पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळली. त्यावर गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर फिडेचे तत्कालीन अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. पुढे रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली, पण तेवढ्यासाठीच मी हा प्रसंग सांगत नाही. आजवरचा सारा खल ‘कोणाला पाठवावे’ यावर होता. या मुलीने त्याआधीचा प्रश्न विचारला, की पात्र कोणाला म्हणावे. वयाची अट निसर्गाच्या हिशेबाने घातलेली असते, तिच्याशी भांडता येत नाही. बाकीच्या अटी माणसांनी घातलेल्या असतात, आणि त्या काढण्याचा अर्ज तेरा वर्षांच्या मुलीच्या वतीनेही रुजू होऊ शकतो. जागतिक कुमारी अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली ती त्यानंतर सहा वर्षांनी, १९८२ साली, युगोस्लाव्हियातील सेंटा येथे.

भारताच्या त्या एका जागेवरून प्रथम विजयी होऊन परतला तो विश्वनाथन आनंद. आईने सहाव्या वर्षी त्याला पट शिकवला. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मॅन्युएल आरन यांनी १९७२ साली स्थापलेल्या ताल बुद्धिबळ मंडळात तो घडला. ज्या मिखाईल तालला कुमार स्पर्धेचे दर्शन कधी घडले नाही, त्याच्या नावाच्या मंडळातून आलेला हा मुलगा. १९८३ साली सब-ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत ९ पैकी ९ गुण मिळवून त्याने निवडीच्या चर्चेला जागाच ठेवली नाही. १९८४ साली तो आशियाई कुमार विजेता झाला. जागतिक कुमार स्पर्धा आता दरवर्षी भरत असल्यामुळे एकदा अपयश आले म्हणून सारे संपले अशी स्थिती उरली नव्हती. तो आधीच्या वर्षांतही खेळून आला होता, आणि ही पुन्हा पुन्हा मिळालेली संधीच, माझ्या मते, त्याच्या विजयाचे एक मोठे कारण ठरली. १९८७ साली फिलिपिन्समधील बागिओ येथे तो १३ पैकी १० गुणांनी पहिला आला. वडिलांच्या नोकरीमुळे बालपणी काही काळ तो याच देशात, मनिलाला, राहिला होता. १९७८ साली बागिओत कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांचा जगज्जेतेपदाचा सामना गाजत असताना दूरदर्शनवरील बुद्धिबळाची कोडी सोडवून बक्षिसाची पुस्तके घरी आणणारा तो लहान मुलगा होता. १९८७ च्या त्या स्पर्धेत त्याच्या मागे अवघ्या अर्ध्या गुणाने राहिला तो सोव्हिएत संघाचा प्रतिनिधी व्हासिली इव्हानचुक, म्हणजे जगातील सर्वांत कडक चाळणीतून उतरलेला मुलगा.

त्या अर्ध्या गुणानंतर भारतातली स्थिती झपाट्याने पालटली. जेथे एका मुलासाठी एक जागा शोधावी लागे, तेथे एका जागेसाठी शेकडो मुले उभी राहिली. म्हणजे जो पेच पूर्वी मॉस्कोला होता तो आता आपल्याला आला. मधल्या काळात फिडेने वयोगट वाढवले, दहा वर्षांखालच्यांपासून अठरा वर्षांखालच्यांपर्यंत मुलांच्या आणि मुलींच्या वेगळ्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या, आणि नाशिकचा विदित गुजराथी २००८ साली व्हिएतनाममधील वुंग ताउ येथे चौदा वर्षांखालील विजेता, तर नागपूरची दिव्या देशमुख २०१४ साली डर्बनला दहा वर्षांखालील विजेती झाली. पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनने २००९ साली अर्जेंटिनात आणि दिव्याने २०२४ साली गांधीनगरला जागतिक कुमारी अजिंक्यपद पटकावले. या साऱ्यांच्या निवडीमागे राष्ट्रीय स्पर्धांची गुणतालिका होती. चिठ्ठी, मर्जी, दाखला यांची जागा आकड्यांनी घेतली, हे चांगलेच झाले.

मात्र आणखी एक वाट उघडली. देशाने निवडलेल्या अधिकृत खेळाडूखेरीज जादा खेळाडूही पाठवता येतात; त्यांचा राहण्याजेवणाचा आणि प्रवासाचा खर्च यजमान करत नाही. जागतिक कुमार स्पर्धा २००२ साली गोव्यात भरली आणि आर्मेनियाचा लेव्हॉन अरोनियन जिंकला. २०१४ साली ती पुण्यात भरली आणि चीनचा लू शांगलेई जिंकला. स्वदेशी भरणाऱ्या अशा स्पर्धांत आपली पुष्कळ मुले खेळू शकतात, आणि ज्या आईबापांना विमानाचे भाडे परवडणारे नसते त्यांच्या मुलांना परदेशी खेळाडूंचा डाव समोर बसून पाहायला मिळतो. परमुलखातल्या स्पर्धेला मात्र जादा म्हणून जाणारा मुलगा घरच्या ठेवी मोडून गेलेला असतो. कोठे वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतलेली, कोठे गावाने वर्गणी जमवलेली. तो पटावर बसला की त्याच्यात आणि अधिकृत खेळाडूत काडीचा फरक नाही. तेच घड्याळ, तेच नियम, तेच गुण. फरक दिसतो तो संध्याकाळी, निवासाच्या ठिकाणी, यजमानांच्या कारकुनासमोरील यादीत: तेथे प्रत्येक देशाच्या नावापुढे मुलांत एक आणि मुलींत एक अशी दोनच नावे पाहुण्यांची असतात, आणि त्याखालच्या नावांपुढे खोलीभाडे आणि जेवणखर्च यांचे आकडे मांडलेले असतात.